माठ तिथं पाणी गार करत नाही

आदरणीय आक्का,

माझं वय २५. गाव राधानगरीच्या वाटेवर, पण शाळा-कॉलेज सगळं कोल्हापुरात झालं. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. धर्मशिक्षण संपल्यावर मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, मला दोन वर्षांसाठी अंदमानात पाठवलंय. पोर्ट ब्लेअरपासून बोटीनं जावं लागतं अशा एका बेटावर, चर्चच्या एका वयस्कर पाळकसाहेबांच्या (पास्टरच्या) हाताखाली. संडे स्कूल, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, आजाऱ्यांच्या घरी भेटी, असं काम आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलो. आज पाच आठवडे झाले.

आक्का, मला इथला उकाडा सोसत नाही. मे महिन्यात भर बारा वाजता गांधी मैदानावर क्रिकेट खेळलेला मी, इथं सकाळी आठलाच शर्ट पिळायची वेळ येते. उलट आलो तेव्हापेक्षा आता जास्तच घाम येतो. रात्री झोप नाही. जांघेत आणि काखेत लाल चट्टे उठलेत. आईनं दिलेला मसाला दगड झाला, आणि नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलांवर हिरवी बुरशी आली. पाळकसाहेब दुपारी एक ते तीन झोपतात आणि मलाही झोप म्हणतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. मी काय झोपायला आलोय?

खरी गोष्ट वेगळीच आहे. इथली वस्ती रांचीकडच्या लोकांची, माझ्या आधीपासूनची ख्रिस्ती. त्यांना माझ्याहून जास्त गीतं पाठ आहेत. मी कुणाला काय सांगणार? माझं हिंदी ऐकून पोरं हसतात. परवा वर्गात "एक मिनट, मैं घाम पोंछता हूँ" म्हणालो, तर अख्खा वर्ग लोळला. का ते मला अजून कळलं नाही. आई रोज फोनवर रडते, म्हणते काळ्या पाण्यावर कशाला गेलास. मामानं तिला २०१८ ची ती बाणांची बातमी दाखवलीय. बाबा फोनवर येतच नाहीत. परत यावं का? परत आलो तर मंडळीला तोंड कसं दाखवू?

– घामाघूम, एका बेटावरून

बाळा,

पत्र वाचताना पहिलं हसू आलं ते घामाचं. अरे, हिंदीत, आणि रांचीकडच्या सादरी बोलीत तर खासच, घाम म्हणजे ऊन. आपला घाम तो त्यांचा पसीना. तू वर्गात उभा राहून रुमाल काढलास आणि म्हणालास, थांबा जरा, ऊन पुसून घेतो. पोरं लोळतील नाहीतर काय! उद्या वर्गात जाऊन हे त्यांना सांग. आमच्याकडं घाम म्हणजे पसीना, म्हणून मी ऊन पुसत होतो. ती दुसऱ्यांदा हसतील, पण या वेळेला तुझ्याबरोबर.

आता उकाड्याचं. मी धर्माची माणूस नव्हे. अंबाबाईच्या देवळामागच्या गल्लीत वाढलेली, आणि पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई आहे मी. तेव्हा आधी अंगाचं बोलते.

आकडे काढून बघितलेस तर मे महिन्यात कोल्हापूरच तुझ्या बेटाहून जास्त तापतं. आपल्याकडं दुपारी ३५-३७, तुझ्याकडं जेमतेम ३१-३२. मग त्रास तिथं का? आठव, आईच्या स्वयंपाकघरातला माठ. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, कोरडी हवा ते उडवून नेते, आणि उडताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माणसाचं अंग तसंच चालतं. घाम येतो म्हणून आपण गार होत नाही, घाम उडतो म्हणून गार होतो. तुझ्या बेटावरची हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिला तुझा घाम घ्यायला फारशी जागाच नाही. कुणाकडं माठ असेल तर हात लावून बघ, तिथं माठ पाणी फारसं गार करत नाही. माठाला जे जमत नाही ते तुला जमलं नाही म्हणून एवढी लाज कसली?

दुसरं, आपलं गाव समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचीवर. मे महिन्यातसुद्धा रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की पहाटे चादर ओढावी लागते. तुझ्याकडं रात्री पारा चोवीसच्या खाली फारसा जात नाही आणि दमटपणा तसाच. दिवसभराची उष्णता अंगातून जायला रात्र लागते, आणि ती रात्रच तुला मिळत नाही. दिवसा तू चिडतोस, काम होत नाही, पोरांच्या हसण्यानं खचतोस, त्यातलं अर्धं नुसत्या झोपेचं आहे.

आणि आलो तेव्हापेक्षा जास्त घाम येतो म्हणतोस, ते चांगलं लक्षण आहे. उष्ण जागी गेलं की दहा-चौदा दिवसांत शरीर शिकतं. लवकर घाम काढायला लागतं, जास्त काढतं, आणि घामातून मीठ कमी सोडतं. तुझं शरीर आधीच बेटावर राहायला लागलंय. तू अजून लागला नाहीस.

तुझ्या दुपारच्या झोपेवरनं मला माझी पहिली नेमणूक आठवली. १९८१ साल, मी तेवीस वर्षांची. कोकणात, खाडीकाठच्या एका लहानशा दवाखान्यात टाकलं मला. कोल्हापूरहून जाताना कडक इस्त्रीचा, खळ घातलेला युनिफॉर्म, पायात मोजे, आणि डोक्यात मी आता या बायकांना शिस्त लावणार. पहिल्या आठवड्यात भिंतीवर नियम लिहून लावले. रांगेत उभं राहा, बाळाला धुऊन आणा, अमुक वाजल्यानंतर येऊ नका. बायका वाचत नव्हत्या, कारण बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्या हसत होत्या.

दहाव्या दिवशी लस टोचायच्या रांगेसमोर मीच चक्कर येऊन पडले. डोळे उघडले तर जमिनीवर आडवी, मोजे कुणीतरी ओढून काढलेले, दोन बाया पदरानं वारा घालतायत, आणि आमची आया माझ्या तोंडाला कोकमाचं मीठ घातलेलं पाणी लावतेय. मी उठायला लागले तर तिनं खांदा दाबून धरला. म्हणाली, "आधी बस गो बाय, मगे काय ता कर." त्या दिवशी मी दोन तास त्या जमिनीवर बसून राहिले. बाया माझ्याभोवती बसून आपल्या सासवांच्या गोष्टी सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी मी खळ न घातलेला साधा युनिफॉर्म घालून गेले आणि भिंतीवरचा कागद काढला. त्यानंतर त्या येत राहिल्या. आल्या की आधी विचारायच्या, सिस्टर, पाणी प्यायलात का?

तेव्हा तुझे पाळकसाहेब झोप म्हणतात तेव्हा झोप. ते किती वर्षं आहेत तिथं? माझी पैज आहे, तेही पहिल्या वर्षी झोपले नसतील, आणि कुणीतरी त्यांनाही असंच दाबून बसवलं असेल. एकदा विचार त्यांना.

घड्याळाचीही एक गंमत बघ. घड्याळ तुझं नि आमचं एकच, पण तू आमच्यापेक्षा साडेअठरा अंश पूर्वेला आहेस. रेखांशाच्या हिशोबानं सूर्य तुझ्याकडं सुमारे सव्वा तास आधी. तू कोल्हापूरच्या सवयीनं साडेसहाला उठत असशील, तर तिथं तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं. तू निम्मी सकाळ घालवून मग भर तापात भेटींना निघतोस. साडेचारला उठ. पाचला उजाडतंच. सहा ते नऊ घरोघरच्या भेटी उरक, आजारी माणसंही त्या वेळेला ताजी असतात. साडेनऊनंतर सावलीतलं काम, दुपारी झोप, चारनंतर पोरं. साडेपाच-सहाला अंधारतं, नऊला अंथरुणावर. गाव काय करतं ते बघितलंस तर गाव हेच करत असणार.

अंगाचं आणखी थोडं. नर्सला मध्येच थांबवू नये.

चट्टे म्हणालास, जांघेत आणि काखेत. बारीक पुरळ असेल आणि टोचत असेल तर ते घामोळं. गार पाण्यानं अंग धुवायचं, टिपून कोरडं करायचं, कॅलामाइन लावायचं, जाईल. पण कड उठलेली गोल चकंदळं असतील आणि रात्री खाज सुटत असेल, तर तो नायटा. आणि इथं एक गोष्ट जीव तोडून सांगते. दुकानदार पटकन एक ट्यूब देईल, दोन दिवसांत खाज बंद होईल, तू खूश होशील. त्यातल्या कितीतरी ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दबते आणि आत नायटा पसरतो, मग साध्या औषधाला दाद देत नाही. कोल्हापुरातसुद्धा मी अशी माणसं बघितलीत, वर्षभर ट्यूब चोळून पाठीपर्यंत नायटा नेलेली. सरकारी दवाखान्यात दाखव, सांगतील तितके आठवडे औषध लाव, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडू नकोस. आणि ओली अंडरपँट अंगावर वाळवायची नाही. दोन जादा सुती जोड आण. घरात लुंगी नेस, त्यात वारा खेळतो. भेटींना जाताना फुलपँट, मोजे, बूट घालून जात असशील असा माझा अंदाज आहे, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी तुला तसंच शिकवलं असणार. तिथले वडीलधारे काय घालून चर्चला येतात ते बघ आणि तेवढंच घाल.

पाणी तहान लागायच्या आधी पी. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे कमी पडतंय. मिठाच्या गोळ्या नकोत. जेवणात ताक, भाताची पेज, मीठ घातलेलं लिंबू-पाणी, बस्स. फार गळून गेलास तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा, हे घोट घोट. आणि तुझ्या वर्गातलं एखादं पोर किंवा म्हातारं माणूस उन्हात काहीबाही बरळायला लागलं, अंग आगीसारखं तापलं, तर पाणी पाजत बसू नकोस. सावलीत आडवं कर, अंगभर पाणी ओत, वारा घाल आणि दवाखान्यात ने. बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं.

झोपायच्या आधी आंघोळ कर, अंग अर्धवट टिपून पंख्याखाली बस. मच्छरदाणीनं वारा अडतो हे खरं, पण ती काढू नकोस, अंदमानात मलेरिया आहे. पाऊस सुरू झाला की पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नकोस. लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाचं, तिथं जुनं घर आहे. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. झालं माझं.

चपलांवर मात्र माझं मन अडकलंय. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. कोरड्या हवेत ती पायाला अशी बसते की काढवत नाही, पण दमट हवेत तिला बुरशी धरणारच. फडक्यानं पुस, सावलीत वाळव, खोबरेल तेलाचा हात फिरव, आणि कुणी कोल्हापूरला येणारं भेटलं तर घरी पाठवून दे. रबरी सपाता घाल. अरे, चपलांनासुद्धा जमलं नाही तिथं! मसाल्याचं सोपं आहे. दगड झालेला फोडून काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेव, आठवड्यापुरता बाहेर काढ. पण एकटा बसून मासे-भातावर शिंपडून खात असशील तर मला वाईट वाटेल. त्याचं पुढं सांगते.

आता तू ज्याला खरी गोष्ट म्हणालास तिच्याकडं.

तू लिहितोस, हे माझ्या आधीपासूनचे ख्रिस्ती, मी यांना काय सांगणार. बरोबरच आहे की. हे लोक तिथं कसे आले ठाऊक आहे का? १९१८ पासून रांचीच्या कॅथॉलिक लेबर ब्यूरोनं उरांव, मुंडा, खडिया आदिवासी माणसं जंगलतोडीला आणि रस्त्यांच्या कामाला अंदमानात पाठवायला सुरुवात केली. कंत्राट संपलं की परत, असा करार. कितीतरी परतलेच नाहीत. तुझ्या वर्गातल्या पोरांचे पणजोबा असतील ते. त्यांनाही पहिल्या वर्षी असाच उकाडा भेटला असेल, आणि त्यांच्याकडं पंखा नव्हता, कोल्हापूरला लागणारा फोन नव्हता. त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडं जाऊन बसलास का कधी, आजोबा तुमचे आजोबा कसे आले म्हणून? भेटींना जातोस म्हणतोस. जाऊन तूच बोलत असशील.

किंवा निकोबारचं बघ. कार निकोबार बेटावर ख्रिस्ती धर्म रुजवण्यात सगळ्यात मोठं नाव कुणाचं, तर जॉन रिचर्डसन यांचं. ते तिथलेच निकोबारी. ब्रह्मदेशात शिकून परत आले, आपल्या माणसांसाठी बायबलचं भाषांतर त्यांच्या भाषेत केलं, १९५० साली बिशप झाले. पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे खासदारही तेच होते. बाहेरून आलेल्यांनी वाट दाखवली असेल, पण घर बांधलं तिथल्यानं.

आणि आपण कोल्हापूरकरांनी हे विसरू नये की मिशनरी पाठवणारं हे गाव फार उशिरा झालं. आधी आपण मिशनरी येणारं गाव होतो. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन बायकोसह इथं आला. वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव त्यांचंच. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच कोल्हापुरात १८६३ साली जन्मला, आणि पुढं अमेरिकेत जाऊन कॉलेजातल्या पोरांना परदेशी मिशनसाठी उभं करणारा मोठा माणूस झाला. मग वानलेस डॉक्टर, कॅनडाचे, १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभा केला. आमच्या नर्सिंगच्या पिढीला त्यांचं नाव घरातल्यासारखं. ही सगळी मंडळी मे महिना आला की महाबळेश्वर, पन्हाळ्याच्या गारव्याला जायची. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. तुझ्या चार पिढ्यांपूर्वीच्या पणजोबांनी त्यांच्यापैकी एखाद्याला घामाघूम झालेलं बघून आधी तांब्याभर पाणीच दिलं असेल. तेव्हा पाणी देणाऱ्यांत तुझं घर होतं. आता पाणी घेणाऱ्याच्या जागी तू उभा आहेस आणि तुला ते घेता येत नाहीये. माझ्या मते तुझी सगळी अडचण एवढीच आहे.

तू काहीतरी द्यायला आलोय असं मनात धरून गेलास. दे की, दोन वर्षं आहेत. पण पहिले सहा महिने पाहुण्यासारखा राहा. पाहुणा काय करतो? जे वाढलं ते खातो, विचारतो, चुकतो, हसू देतो, आणि लोकांना आपलं करू देतो. त्यांच्याकडून सादरी शीक. भेटताच "जोहार" म्हण. रोज पाच शब्द वहीत लिही आणि पोरांना मास्तर कर, ती तुझ्यावर छडी उगारतील, उगारू दे. संडे स्कूलमध्ये त्यांच्याकडून त्यांची गीतं शिकून घे. एका रविवारी पाळकसाहेबांच्या परवानगीनं एखाद्या बाईच्या चुलीपाशी जाऊन विचार, काकी, तुमच्या चुलीवर मी आमच्या गावचं कालवण करू का? नारळाला तिथं तोटा नाही, कोंबडी मिळेल. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, तांबड्यात आईचा तो फोडलेला मसाला. तिखट लागलं म्हणून ओरडतील, पण वाटी परत पुढं करतील.

आणि तुझी एकट्याची प्रार्थना मराठीत कर. दिवसभर हिंदीतून बोलून माणूस आतून वाळतो. कोकणात मी रात्री आंघोळीला गेले की बादलीशी कोल्हापुरी बोलायचे.

मामानं दाखवलेल्या बातमीचं आईला नीट सांग. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर सेंटिनेल बेटावर एक अमेरिकन तरुण, अवघा सव्वीस वर्षांचा, कायदा मोडून उतरला आणि मारला गेला. त्या बेटाजवळ जायलाच बंदी आहे. अशा आदिम जमातींच्या रक्षणाचा कायदा अंदमान-निकोबारसाठी १९५६ पासून आहे. तिथले लोक इतकी वर्षं वेगळे राहिलेत की आपल्या साध्या सर्दी-खोकल्यानंही ते मरू शकतात. तुझं बेट वेगळं, तुझी माणसं वेगळी, तुझं काम पोरांना पाढे शिकवायचं. त्या पोरासाठी मला वाईट वाटलं, त्याच्या आईसाठी जास्त. पण कुणी तुला कौतुकानं म्हणालं की खरी सेवा तिकडंच आहे, तर त्याला हात जोड आणि उठून जा.

काळ्या पाण्याचं आईच्या मनातून काढायला वेळ लागेल. आपल्याकडं अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर, याच्यापलीकडं घरात काही माहीत नसतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं हेही तिच्यापर्यंत पोचलं नसेल. तिला फोनवर उकाडा, झोप, चट्टे हेच ऐकू येतं. रोज फोन करू नकोस. बुधवारी आणि रविवारी, ठरलेल्या वेळी. आणि त्या फोनवर एक तरी गोष्ट अशी सांग की जी तिला शेजारणीला सांगता येईल. ऊन पुसल्याची सांग. चट्टे मला लिही, तिला नको.

परत यावं का? मे महिन्यात असला निर्णय कोल्हापुरातसुद्धा घेऊ नये. नाताळ होऊ दे. त्यानंतरही हेच वाटलं तर पाळकसाहेबांशी बोल, मंडळीला पत्र लिही आणि ये. तोंड दाखवायची भीती बाळगू नकोस. मी स्वतः दोन नेमणुकांवरून परत आलेय आणि माझं तोंड अजून जागेवर आहे. पण एक वेगळं. झोप नाही ती नाहीच, जेवण जात नाही, आणि मनात कधी जगणं नको असं आलं, तर नाताळ-बिताळ बघू नकोस. त्याच दिवशी पाळकसाहेबांना सांग, डॉक्टरकडं जा, किंवा १४४१६ वर फोन लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते.

राहिले बाबा. फोनवर येत नाहीत म्हणतोस. राधानगरीच्या वाटेवरचं गाव म्हणजे भाताचं रान असणार, आणि मेच्या शेवटाला धूळवाफेची पेरणी. हा माणूस सध्या दिवसभर ढेकळांत आणि डोकं आभाळात. त्याला तुझ्याशी काय बोलावं ते कळत नसेल.

आपल्याकडं दर वर्षी साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेपरात एक बातमी येते, मान्सून अंदमानात दाखल. गावागावांत पारावर ती मोठ्यानं वाचली जाते. तिथनं पंधरा-वीस दिवसांनी आपल्याकडं. या वर्षी तो पाऊस आधी तुझ्या अंगावर पडणार आहे. पहिली सर आली की आईला नको, बाबांच्या नंबरवर लाव. वारा कुठनं आला, ढग कसले होते, किती वेळ पडला, सगळं सांग. पेपरवाल्यांच्या आधी.

– आक्का